आयडलवर ऑइल का तापतं? गॅस टर्बाइनमधलं इंधन आणि उष्णतेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: टेकऑफला इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा वंगणाच्या ऑइलचं तापमान मर्यादेत राहतं, पण उतरणीला, किंवा जमिनीवर आयडलवर (म्हणजे किमान ताकदीवर) उभं असताना ते चढू लागतं. असं उलटं का? दुसरं, इंधन गरम करायचं की थंड ठेवायचं? पुस्तकांत दोन्ही लिहिलेलं सापडतं. आणि इंधन फवारणाऱ्या नॉझलमध्ये कोक (इंधन करपून होणारा कडक कार्बन) जमण्याचा याच्याशी काय संबंध?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. इंधन इंजिनात येतं जळायला, पण जळण्याआधी त्याला हमाली करावी लागते: ऑइलमधली उष्णता उचलून ज्वलनकक्षात नेऊन टाकायची. हमाल किती येणार हे थ्रॉटल ठरवतं. ओझं किती हे मात्र फिरणारी बेअरिंग्ज, गिअरबॉक्स आणि जनरेटर ठरवतात. थ्रॉटल मागे घेतला की हमाल एक दशांश उरतात. ओझं काही तेवढं उतरत नाही.

आकडे घालून पाहू. साधारण १२ टन थ्रस्टचं, मध्यम पल्ल्याच्या प्रवासी विमानाचं टर्बोफॅन घ्या. टेकऑफला ते सेकंदाला सुमारे १.१ किलो इंधन पितं, आयडलवर जेमतेम ०.१ किलो. केरोसीनची विशिष्ट उष्णता ढोबळमानाने २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश सेल्सिअस. ऑइलकडून येणारी उष्णता टेकऑफला ६० किलोवॅट आणि आयडलला २५ किलोवॅट धरू. हे दोन आकडे उदाहरणापुरते आहेत, इंजिनागणिक बदलतील. टेकऑफला इंधनाची तापमानवाढ होते ६० भागिले २.२, म्हणजे २७ अंश. आयडलला २५ भागिले ०.२, म्हणजे १२५ अंश! टाकीतून २० अंशांवर निघालेलं इंधन कागदावर १४५ अंशांना पोचतं. प्रत्यक्षात ते तिथवर जाण्याआधीच ऑइल आणि इंधन यांच्या तापमानातला फरक मिटत येतो, उष्णतेला जायला जागा उरत नाही आणि गेजवर ऑइल चढतं. तुम्हाला दिसतं ते हेच.

ओझं का उतरत नाही, हेही नीट पाहायला हवं. आयडलवर थ्रस्ट पाच-सात टक्क्यांवर आलेला असला तरी उच्चदाब रोटर जवळपास ६० टक्के वेगाने फिरत असतो. बेअरिंगमधलं आणि गिअरच्या दातांमधलं घर्षण वेगावर चालतं, थ्रस्टवर नाही. विजेचा भार तर थ्रॉटलला विचारतच नाही. जनरेटर स्थिर गतीने फिरवणारं आयडीजीचं (इंटिग्रेटेड ड्राइव्ह जनरेटर) यंत्रच मुळात ऑइल घुसळणारं. त्याचं ऑइलही बहुतेक रचनांमध्ये शेवटी इंधनावरच थंड होतं.

यात आणखी एक उष्णता मिसळते, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मार्ग असा असतो: टाकीतला बूस्टर पंप, मग इंजिनावरचा अपकेंद्री एलपी (कमी दाबाचा) पंप, तिथून ऑइलची उष्णता इंधनाला देणारा इंधन-ऑइल हीट एक्स्चेंजर, मुख्य फिल्टर, एचपी (जास्त दाबाचा) गिअर पंप, इंधन मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, फ्लोमीटर, मॅनिफोल्ड आणि नॉझल. (क्रम थोडाफार बदलतो; काही इंजिनांत एक्स्चेंजर मीटरिंगच्या पुढे असतो.) गिअर पंप फेरीमागे ठरावीक घनफळ ढकलतो. स्टार्टर इंजिन फिरवत असताना, म्हणजे १५-२० टक्के वेगालाही, पेट घेण्याइतकं इंधन पुरवायचं असल्यामुळे तो मोठा घ्यावा लागतो. मग आयडलला तो गरजेच्या पाच-सहापट इंधन ढकलतो आणि जास्तीचं सगळं स्पिल व्हॉल्व्हमधून पंपाच्या तोंडाशी परततं. दाबलेलं इंधन काही काम न करता सोडून दिलं की त्या दाबाची उष्णता होते. सेकंदाला ०.७ लिटर इंधन २५ बारवरून सोडलं, तर १.७५ किलोवॅट. ऐकायला किरकोळ, पण जळणाऱ्या ०.१ किलोवर ती वाटली की जवळजवळ ९ अंश होतात. पंपाची अंतर्गत गळती आणि घर्षण वेगळंच.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो. स्पिलचं इंधन हीट एक्स्चेंजरच्या आधी सोडलं तर एक्स्चेंजरमधला प्रवाह वाढतो, म्हणजे ऑइल जास्त थंड व्हायला हवं, असा तर्क केला जातो. नळ्यांमधली गती वाढल्याने उष्णतेची देवाणघेवाण थोडी सुधारते, हे खरं. पण तेच इंधन गोल गोल फिरत असतं. उष्णता या वर्तुळाबाहेर नेणारं इंधन तेवढंच, जे जळतं.

म्हणून उपाय दोनच उरतात: वर्तुळाबाहेर जाणारं इंधन वाढवा, किंवा उष्णता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला. पहिल्याचं ओळखीचं उदाहरण म्हणजे एअरबस ए३२० कुटुंबातली टाकीत परतणारी इंधनाची वाट. ऑइल ठरावीक तापमानापुढे गेलं की फ्युएल रिटर्न व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम इंधनाचा काही भाग पंखातल्या टाकीत परत जातो. पंखाची मोठी कातडी ते इंधन बाहेरच्या हवेवर थंड करते. पण टाकीच तापलेली असेल तर हा व्हॉल्व्ह बंद राहतो, आणि राहायलाच हवा. उन्हात तासन्‌तास उभं राहिलेलं विमान, टाकीत थोडंच इंधन, वर लांबलचक टॅक्सी अशी तिन्ही संकटं एकत्र आली की ही सोय नेमकी हवी तेव्हाच अपुरी पडते. दुसरा उपाय हवेवर चालणारा ऑइल कूलर. तो फॅनच्या बायपास प्रवाहातून हवा घेतो, म्हणजे थोडा थ्रस्ट आणि इंधन खातो. म्हणून त्याची झडप गरजेपुरतीच उघडावी असं नियंत्रण असतं. आयडलला फॅनच मंद असल्याने त्याची हवाही कमी मिळते, हे विसरू नये.

आता दोष शोधण्याबद्दल. ऑइल फक्त आयडलला चढतं की सगळ्या ताकदींना, हा पहिला प्रश्न विचारा. निम्मं निदान तिथेच होतं. फक्त आयडलला चढत असेल तर संशय उष्णता वाहून नेणाऱ्या वाटेवर घ्या: रिटर्न व्हॉल्व्ह उघडतोय का, हवेच्या कूलरची झडप अडकली आहे का, टाकीचं तापमान किती होतं, आयडीजीवर भार किती होता. सगळ्याच ताकदींना चढत असेल तर एक्स्चेंजरच्या ऑइल बाजूचा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी, कारण मग ऑइल कूलरमध्ये न जाता बाजूनेच निघून जातं. त्यानंतर एक्स्चेंजरच्या गाभ्यात साठलेला मळ, आणि मग सेन्सर. दोन इंजिनांचे आकडे एकाच क्षणी शेजारी ठेवून पाहिले की सेन्सरचा खोटेपणा लवकर उघडा पडतो. ज्या इंजिनांत ऑइल मुख्यतः इंधनावर थंड होतं, तिथे थ्रॉटल किंचित पुढे नेल्यावर ऑइल उतरताना दिसतं. नवख्याला हे विचित्र वाटतं, पण वरचा हिशेब वाचल्यावर वाटू नये. कॉकपिटमधली कृती अर्थात त्या विमानाचं मॅन्युअल सांगेल तीच.

हीट एक्स्चेंजरचा एक दोष वेगळा सांगायला हवा, कारण तो तापमानात दिसत नाही. आतली नळी तडकली की द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, आणि बहुतेक रचनांमध्ये इंधनाचा दाब ऑइलपेक्षा जास्त असतो. म्हणजे इंधन ऑइलमध्ये शिरतं. उड्डाणानंतर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्या, नमुन्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते) आणि चिकटपणा तपासायला द्या. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर पदर धरत नाही, आणि गरम बेअरिंग कक्षात केरोसीनची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. अशा इंजिनाला पुढचं उड्डाण नाही.

दुसरा प्रश्न, गरम की थंड. दोन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी. विमानाच्या केरोसीनपैकी जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ अंश, जेट ए चा उणे ४०. त्याच्या बऱ्याच आधी त्रास देतं ते पाणी. केरोसीनमध्ये थोडं पाणी विरघळलेलं असतंच. इंधन थंड होत गेलं की ते बाहेर पडून बारीक हिमकण होतात. ते फिल्टरवर साचू नयेत म्हणून फिल्टरच्या आधी ऑइलच्या उष्णतेने इंधन कोमट करायचं. एकाच एक्स्चेंजरमध्ये ऑइल थंड आणि इंधन गरम, दोन्ही कामं होतात.

पण बर्फ फिल्टरवरच साचेल असं गृहीत धरणं किती महागात पडतं, ते १७ जानेवारी २००८ रोजी दिसलं. बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७, फ्लाइट ३८, हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. शेवटच्या टप्प्यात जोर मागितला तेव्हा दोन्ही ट्रेंट ८९५ इंजिनांनी तो दिला नाही. प्राणहानी झाली नाही. उड्डाणात इंधनाचं किमान तापमान उणे ३४ अंश नोंदलं गेलं होतं, म्हणजे इंधन गोठलेलं नव्हतं. त्यातलं पाणीही नेहमीच्या प्रमाणातच होतं. तपासातून पुढे आलं ते असं: लांब, संथ प्रवाहाच्या प्रवासात टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांच्या भिंतींवर बर्फ धरत गेला. साधारण उणे ५ ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात हा बर्फ सर्वांत चिकट असतो. उतरताना जास्त प्रवाहाची मागणी आली, बर्फ सुटून एकदम पुढे आला आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर अडकला. त्या रचनेत नळ्यांची टोकं तोंडाच्या पत्र्याबाहेर किंचित आलेली होती. त्यांच्यामध्ये बर्फाला छान आधार मिळाला. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला डेल्टाच्या शांघायहून निघालेल्या ७७७ च्या एका इंजिनात हाच प्रकार झाला. पुढच्या रचनेत नळ्यांची टोकं पत्र्याशी सपाट केली. उणे तापमानात लांब उड्डाण झाल्यावर अधूनमधून प्रवाह वाढवून नळ्या झाडून घ्यायची पद्धतही त्यावेळी तात्पुरती आणली होती.

लष्करी इंधनात बर्फरोधक मिसळतात, साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास. प्रवासी विमानांत तो सहसा नसतो, म्हणून तिथे टाकीच्या तळाचं पाणी काढणं हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळण्यासारखं नाही.

आता कोक. केरोसीन टाकीत असताना हवेतला ऑक्सिजन विरघळवून घेतं, वजनाने दशलक्षात सुमारे ७० भाग. इंधन साधारण १५० अंशांपुढे गेलं की हा ऑक्सिजन त्याच्याशी झटपट क्रिया करू लागतो. आधी डिंकासारखे पदार्थ, मग भिंतीवर तपकिरी लाखेसारखा थर, मग काळा कडक कोक. हा ज्वाळेच्या काजळीहून वेगळा प्रकार आहे. नॉझलच्या बाहेरच्या तोंडावर काजळी धरते ती ज्वाळेमुळे. नळीच्या आत जमतो तो कोक, आणि जास्त घातक तोच. बाहेरची काजळी घासून चकचकीत केलेलं नॉझल आतून अर्धं बुजलेलं असू शकतं.

कोक ठरवणारं तापमान इंधनाचं सरासरी तापमान नव्हे, ज्या भिंतीला ते लागतं तिचं. टेकऑफला नॉझलचा दांडा कंप्रेसरमधून निघालेल्या ५००-६०० अंशांच्या हवेत उभा असतो. आतून जोरात वाहणारं इंधन भिंत थंड ठेवतं, आणि दांड्याभोवती हवेच्या पोकळीचं उष्णतारोधक आवरण असतं. ते आवरण तडकून पोकळीत इंधन शिरलं की तिथेच कोक होतो आणि रोधकाचं काम संपतं. पारंपरिक इंधनासाठी नॉझलपर्यंतची मर्यादा सुमारे १६३ अंश धरली जाते. लष्करी इंधन जेपी-८ मध्ये खास मिश्रण घालून ती १०० अंश फॅरनहाइटने, म्हणजे २१८ सेल्सिअसपर्यंत नेली. त्या इंधनाच्या नावापुढचं +१०० त्याचंच.

इंधन किती सोसतं याची चाचणी साधी पण कडक आहे: तापवलेल्या धातूच्या नळीवरून मिनिटाला ३ मिलिलिटर इंधन अडीच तास सोडायचं, नळी २६० अंशांवर. शेवटी नळीवरचा डाग रंगपट्टीवर ३ च्या खाली हवा, आणि पुढच्या जाळीवरचा दाबफरक २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत. ही चाचणी सर्वांत सहज नापास करवतं ते तांबं. अब्जांशात मोजावं लागेल इतकं तांबंही ऑक्सिजनच्या क्रियेला चिथावतं. इंधनाच्या वाटेत, टँकरमध्ये किंवा हंगामी जोडणीत पितळेची तोटी बसवू नका म्हणतात, त्याचं कारण हे.

सर्वांत जास्त कोक मात्र इंजिन बंद केल्यानंतर होतो, आणि इथेही गोष्ट तीच: प्रवाह शून्य. बंद केल्यावर हवा थांबते, टर्बाइन आणि ज्वलनकक्षाची साठलेली उष्णता दांड्यात झिरपते, आत अडकलेलं चमचाभर इंधन जागीच करपतं. म्हणून दोन सवयी. एक, बंद करण्याआधी आयडलवर काही मिनिटं थांबणं. अनेक इंजिनांना ३ मिनिटं सांगितलेली असतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. दुसरी, मॅनिफोल्ड रिकामा करणं. पूर्वी ते इंधन बाहेर सांडत. आता ते चालत नाही, म्हणून ते छोट्या टाकीत गोळा करून पुढच्या वेळी पंपाकडे परत ओढतात. ही टाकी भरून वाहत असेल तर ड्रेन व्हॉल्व्ह गळतोय की परत ओढणारा इजेक्टर बुजलाय, हे दोन्ही पाहा. टर्बाइनच्या बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळ्यांतही घाईने बंद केल्यावर असाच कोक धरतो.

कोक धरलेल्या नॉझलचं पहिलं लक्षण कॉकपिटमध्ये दिसेलच असं नाही. वीसपैकी एक नॉझल थोडं बुजलं तर त्याचं इंधन बाकीच्या एकोणिसांत वाटलं जातं. सरासरी ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) जवळपास तशीच राहते. फवारा मात्र तिरका होतो, थेंब मोठे होतात, ज्वाळेची पट्टी लायनरला (ज्वलनकक्षाच्या आतल्या भिंतीला) किंवा टर्बाइनच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या स्थिर पात्याला, म्हणजे गाइड व्हेनला, चाटू लागते. सुरू होताना पेट उशिरा घेणं, उंचीवर फिरून पेटवायला त्रास, आणि बोरोस्कोपमध्ये (इंजिनात घालून पाहायच्या नळीच्या दुर्बिणीत) एकाच नॉझलच्या मागे जळका डाग, हे क्रमाने भेटतं. डाग दिसला की व्हेन बदलून थांबू नका; समोरचं नॉझल बेंचवर न्या. प्रमाणित द्रव, ठरलेला दाब, मग प्रवाह, फवाऱ्याचा कोन आणि त्यातल्या रेघा. दोन छिद्रांच्या दुहेरी नॉझलमध्ये कमी दाबावर फक्त प्राथमिक छिद्र चालतं; ते सर्वांत बारीक, म्हणून तेच आधी बुजतं आणि म्हणूनच पहिली तक्रार स्टार्टची असते. छिद्रात तार घालून साफ करायचा मोह आवरा. एक ओरखडा फवारा कायमचा वाकडा करतो.

जमिनीवरच्या वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये तत्त्व तेच, वेश वेगळा. नैसर्गिक वायू दाब उतरवताना बारमागे सुमारे अर्धा अंश थंड होतो. ४० बारवरून २० वर आणला तर १० अंश गेले. जड हायड्रोकार्बनचे थेंब तयार झाले तर ते नॉझलला सरळ जाळतात, म्हणून वायू दवबिंदूच्या किमान २८ अंश वर ठेवायचा, हा रूढ नियम. एकत्रित चक्राच्या (टर्बाइनच्या गरम एक्झॉस्टवर वाफही करणाऱ्या) केंद्रांत बॉयलरच्या पाण्यावर वायू १८५ अंशांपर्यंत तापवतात, त्याने इंधन वाचतं. पण तापलेला वायू विरळ होतो, तेच छिद्र कमी ऊर्जा सोडतं. म्हणून तेच छिद्र किती ऊर्जा सोडेल ते सांगणारा, तापमानाचा हिशेब धरणारा वोब्बे निर्देशांक ठरलेल्या आकड्याच्या साधारण ५ टक्क्यांत ठेवावा लागतो. वायू तापवणारा हीटर अचानक बंद पडला की ज्वाळेत धडधड सुरू होते, त्याचं मूळ इथे असतं.

दुहेरी इंधनाच्या टर्बाइनमध्ये खरी डोकेदुखी राखीव डिझेलची. महिनोन्‌महिने वायूवर चालताना डिझेलच्या नळ्या आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारे) टर्बाइनच्या गरम कोठडीत उभे असतात, आतलं इंधन हलत नाही, आणि १२० अंशांच्या आसपासच डिझेल करपू लागतं. गरज पडते तेव्हा काही चेक व्हॉल्व्ह उघडतच नाहीत, काही बसतच नाहीत. एक्झॉस्टच्या थर्मोकपलांमधला (तापमान मोजणाऱ्या सेन्सरांमधला) फरक वाढून यंत्र ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. असा फरक वाचताना थंड थर्मोकपलच्या थेट समोरचा कॅन (ज्वलनकक्षाचा डबा) खोलू नका. वायू टर्बाइनमधून जाताना फिरत जातो, आणि किती फिरतो ते भारावर ठरतं. निर्मात्याचा तक्ता घेऊन मागे मोजा. उपाय म्हणून पाण्याने थंड केलेले चेक व्हॉल्व्ह बसवतात, आणि नळ्या कोठडीच्या गरम कोपऱ्यातून हलवतात. दोन्ही जमत नसेल तर ठरावीक दिवसांनी भारावर असताना डिझेलवर बदलून पाहायचं, तेही नुसता व्हॉल्व्ह हलवून नव्हे, नळीतलं जुनं इंधन पूर्ण जळून जाईल इतका वेळ.